कॉलऱ्याचं विष सापडायला ७५ वर्षं का लागली?

काचपट्टी:

रॉबर्ट कॉखने १८८४ साली कलकत्त्यात कॉलऱ्याच्या रोग्यांच्या आतड्यांतून तो वाकडा जंतू वेगळा काढला. हा जंतू आतड्यात एखादं खास विष सोडत असणार, असा अंदाजही त्याने तेव्हाच बांधला होता. त्या विषाचा पुरावा छापून आला १९५९ साली, आणि तोही कलकत्त्यातूनच, शंभूनाथ डे यांच्याकडून. मधल्या काळात जगभरच्या नामांकित प्रयोगशाळा याच जंतूवर काम करत होत्या. मग एवढा उशीर का?

टीवायला आणि एमएस्सीला मी हा विषय शिकवते. पुस्तकात विषाची रचना चार पानं असते, ते सापडलं कसं याला ओळभरही जागा नसते. म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

उशिराचं कारण माझ्या मते एका अतिशय यशस्वी प्रयोगात आहे. १८९४ मध्ये रिशार्ड फायफरने गिनीपिगच्या उदरपोकळीत कॉलऱ्याचे जिवंत जंतू टोचले. ज्या गिनीपिगना आधी याच जंतूची लस दिली होती, त्यांच्या पोटातलं पाणी काढून पाहिलं तर जंतूंचे गोळे होऊन ते विरघळत होते. पुढच्याच वर्षी ज्यूल बोर्देने दाखवलं की या विरघळण्याला रक्तद्रवातले दोन घटक लागतात: एक तापवला तरी टिकणारा, म्हणजे आपली अँटिबॉडी, आणि दुसरा तापवला की निकामी होणारा, ज्याला आपण आज कॉम्प्लिमेंट म्हणतो. इम्युनॉलॉजीचं अर्धं दुकान या प्रयोगावर उभं आहे.

पण कॉलऱ्याचं काय? कॉलऱ्याचा जंतू लहान आतड्याच्या पोकळीत राहतो. तो आतड्याची भिंत फोडत नाही, रक्तात शिरत नाही. उदरपोकळी म्हणजे आतड्याच्या बाहेरची जागा. तिथे जंतू टोचला की गिनीपिग मरतो, पण जुलाब होऊन मरत नाही. तो मरतो जंतूचं शरीर फुटून सुटणाऱ्या अंतर्विषाने, आणि एंडोटॉक्सिनची ही कल्पनाही फायफरचीच. मग पुढची कित्येक वर्षं कॉलऱ्याचं विष म्हणजे हेच एंडोटॉक्सिन असं धरून लोक ते मोजत बसले. प्रयोग सोपा, उत्तर हमखास येणारं, त्यामुळे कुणाला वाकड्या वाटेने जायची गरजच वाटली नाही.

शंभूनाथ डे यांचा जन्म १९१५ सालचा, गाव हुगळी जिल्ह्यातलं गरिबाटी. कलकत्ता मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले. मग लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये रॉय कॅमेरॉन यांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएचडी. तिथला विषय कॉलरा नव्हता. मज्जासंस्थेच्या बिघाडामुळे फुप्फुसात पाणी कसं साचतं, यावर दोघांचं काम आहे. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. जंतुशास्त्रज्ञ जंतूकडे बघत होते. हा माणूस पॅथॉलॉजीचा. शरीरातलं पाणी नको त्या जागी का जातं, हा त्याचा प्रश्न होता. परत येऊन ते नीलरतन सरकार मेडिकल कॉलेजात शिकवू लागले आणि तोच प्रश्न घेऊन कॉलऱ्याकडे वळले.

प्रयोग असा. सशाला दिवसभर उपाशी ठेवायचं, भूल देऊन पोट उघडायचं. लहान आतड्याचा वीतभरापेक्षा आखूड तुकडा जागच्या जागी दोन ठिकाणी रेशमी दोऱ्याने बांधायचा. रक्तपुरवठा चालू, फक्त वरून-खालून वाट बंद. त्या बंद तुकड्यात कॉलऱ्याच्या जंतूंचं कल्चर, म्हणजे ज्यात जंतू वाढवले ते पाणी, टोचायचं, पोट शिवायचं, दुसऱ्या दिवशी उघडायचं. जंतू टोचलेला तुकडा टम्म फुगलेला आणि आत तांदळाच्या धुवणासारखं पाणी. त्याच सशाच्या शेजारच्या तुकड्यात नुसतं निर्जंतुक माध्यम टोचलेलं असलं तर तो तसाच चपटा. डी. एन. चटर्जी यांच्यासोबत हा शोधनिबंध १९५३ मध्ये आला.

१९५६ मध्ये डे यांनी हीच पद्धत जुलाबाच्या रोग्यांकडून मिळालेल्या ई. कोलायवर वापरली आणि त्यातल्या काहींनीही तुकडा फुगला. आज प्रवाशांच्या जुलाबाला कारण होणारा म्हणून जो ई. कोलाय शिकवतो, त्याचा उगम इथे.

शेवटचा घाव १९५९ चा. कल्चर गाळून जंतू पूर्ण काढून टाकले, उरलेलं निव्वळ पाणी आतड्यात टोचलं. तुकडा फुगला. म्हणजे जंतू नसतानाही काम करणारं काहीतरी त्याने बाहेर सोडलेलं आहे. ‘नेचर’मधला हा निबंध दोन पानांत मावतो आणि लेखक एकटे डे.

साधनं बघा: ससे, दोरा, सुई, गाळणी. बाकी मंडळींचं मत ऐकायला आवडेल.


सोलापुरी चादर:

लेख झकास. आमच्याकडे जुनी माणसं पटकी म्हणतात. साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन ठेवायचे आणि मग शेजारच्या गावाने तो पुढच्या शिवेवर ढकलायचा, असं आजोबा सांगत. रोग कसा पसरतो हे लोकांना नीट कळलेलं होतं म्हणायचं!


शंकासूर:

लेख आवडला, पण एवढा साधा प्रयोग ७५ वर्षांत कुणालाच सुचला नाही हे पटत नाही. युरोपात काय सशांचा दुष्काळ होता?


काचपट्टी:

@शंकासूर, सुचला होता. १९१५ मध्ये व्हिओल आणि क्रेंदिरोपुलो या दोघांनी सशाच्या बांधलेल्या आतड्यात कॉलऱ्याचे जंतू टोचून पाणी साचलेलं पाहिलं होतं. ते काम तसंच पडून राहिलं आणि डे यांनी ही पद्धत नव्याने, स्वतंत्रपणे शोधली. फरक असा की त्या दोघांनी निरीक्षण नोंदवलं, डे यांनी त्याचं मोजमापाचं साधन केलं आणि सहा वर्षांत त्यातून एकेक प्रश्न सोडवत गाळलेल्या पाण्यापर्यंत पोचले.

आणखी एक अडसर होता. कॉलऱ्यात आतड्याचं अस्तर सोलून निघतं आणि त्या उघड्या जखमेतून पाणी झिरपतं, असा जुना समज होता. शवविच्छेदनात तसं दिसायचंही. पण मेल्यावर आतड्याचं अस्तर फार लवकर सुटतं, हे कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९५९ च्या बँकॉकच्या साथीत युजीन गँगरोसा आणि सहकाऱ्यांनी जिवंत रोग्यांच्या आतड्याचे बारीक तुकडे नळीने काढून पाहिले, तर अस्तर शाबूत.


मु. पो. परळ:

काचपट्टीताई, कलकत्त्याचं कौतुक जरूर करा, पण परळला विसरू नका. त्याच १९५९ साली हाफकिन इन्स्टिट्यूटमधून एन. के. दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांचा निबंध ‘जर्नल ऑफ बॅक्टिरिऑलॉजी’त आला. विषय तोच, प्रायोगिक कॉलऱ्यात विषाचा वाटा. डे यांच्यानंतर काही महिन्यांनी.

यांची वाट वेगळी होती. दत्ता आणि हब्बू यांनी १९५५ मध्येच सशाच्या काही दिवसांच्या पिल्लांमध्ये कॉलरा घडवून आणायची पद्धत बसवली होती. मोठ्या सशाला तोंडावाटे जंतू दिले तर काही होत नाही, पिल्लांना मात्र माणसासारखे जुलाब होतात आणि ती मरतात. हेतू होता औषधं तपासायचा. मग १९५९ मध्ये जंतू फोडून त्यांचा अर्क पिल्लांना दिला, तरी जुलाब झाले.

आडनावं बघा. दादर-परळच्या चाळीत शोभतील अशी. महाराष्ट्रातल्या किती मायक्रोबायोलॉजीच्या विद्यार्थ्यांना ही नावं माहीत आहेत? हाफकिनला मुंबई विद्यापीठाची पीएचडी करता येते, तिथल्या जिन्यावरून रोज चढणाऱ्या पोरांनासुद्धा नसतील.


काचपट्टी:

@मु. पो. परळ, दंडवत. ही भर हवीच होती. मी स्वतः मात्र डे यांचा प्रयोग वरचढ धरेन, आणि तो कलकत्ता-मुंबई म्हणून नव्हे. जंतू फोडून अर्क काढला की त्यात आतलं-बाहेरचं सगळंच येतं, एंडोटॉक्सिनही येतं. त्यामुळे ‘जंतू हे विष बाहेर सोडतो’ हे ठामपणे म्हणता येत नाही. गाळलेल्या कल्चरने ते म्हणता येतं. उलट पिल्लांचा प्रयोग डे यांच्याकडे नसलेली गोष्ट दाखवतो: आतडं न बांधता, तोंडावाटे दिलेल्या अर्काने खरेखुरे जुलाब. दोन्ही एकत्र वाचले की शंकेला जागा राहत नाही.

आणि परळची गोष्ट इथे संपत नाही. १९६४ मध्ये रिचर्ड फिंकेलस्टाइन यांचा सशाच्या पिल्लांवरचा जो निबंध आहे, त्यात दत्ता सहलेखक आहेत. याच फिंकेलस्टाइननी १९६९ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या डॅलसच्या वैद्यकीय शाळेत, लोस्पालुटो यांच्याबरोबर, हे विष शुद्ध स्वरूपात वेगळं केलं.


बाभळीचा काटा:

थोडक्यात काय, शोध आपला, नाव त्यांचं. डे यांना नोबेल मिळालं नाही कारण ते भारतीय होते. विषय संपला.


मु. पो. परळ:

+१


काचपट्टी:

@बाभळीचा काटा, विषय एवढ्यात संपवू नका. डे यांचं नाव नोबेलसाठी सुचवणारे होते जोशुआ लेडरबर्ग, स्वतः नोबेलविजेते अमेरिकन. १९७८ मध्ये स्टॉकहोमला कॉलऱ्यावर नोबेल परिसंवाद झाला, तेव्हा स्वीडिश मंडळींनी डे यांना आवर्जून बोलावलं. आपण साठीच्या दशकातच मेलो होतो आणि तुम्ही मला उकरून बाहेर काढलंत, अशा अर्थाचं काहीतरी ते तिथे बोलले. आता सांगा, पुरलं कुणी?

कलकत्ता मेडिकल कॉलेजातून ते १९७३ मध्ये निवृत्त झाले, १९८५ मध्ये गेले. हयातीत देशात कोणताही मोठा सन्मान नाही. ‘करंट सायन्स’ने त्यांच्यावर विशेषांक काढला १९९० मध्ये. गोऱ्यांवर खापर फोडायला माझी ना नाही, पण आधी घरचं बघू.

आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही. १९५९ नंतर डे यांनी विष शुद्ध करायचा प्रयत्न केला आणि ते जमलं नाही. त्यासाठी प्रथिनं वेगळी करायची यंत्रसामग्री लागते, त्यात मुरलेला बायोकेमिस्ट शेजारच्या खोलीत असावा लागतो. वैद्यकीय महाविद्यालयाच्या पॅथॉलॉजी विभागात शिकवण्याचं ओझं सांभाळून हे होणार कसं? दोरा आणि सुईवर जेवढं होण्यासारखं होतं तेवढं त्या माणसाने केलं. गरिबीत संशोधन चांगलं होतं असा निष्कर्ष या गोष्टीतून काढणाऱ्यांचा मला राग येतो.


बाभळीचा काटा:

शेवटचा परिच्छेद मान्य. बाकी मुद्द्यावर मी ठाम आहे.


सलाईनवाला:

मराठवाड्यात सरकारी दवाखान्यात नोकरी केली आहे. पहिल्या पावसानंतर विहिरीत गाळ उतरला की काय होतं ते विचारू नका. तीव्र कॉलऱ्यात माणूस तासाला लिटरभरापर्यंत पाणी टाकतो. डोळे खोल, नाडी लागत नाही, आणि माणूस शुद्धीवर असतो, हे सगळ्यात भयंकर.

या विषाची करणी थोडक्यात सांगतो. विषाचे पाच बी भाग आतड्याच्या पेशीवरच्या जीएम१ नावाच्या रेणूला चिकटतात. मग ए भाग आत जातो आणि तिथल्या एका जी-प्रथिनावर रासायनिक शिक्का मारतो. त्या प्रथिनाचं काम दाराच्या कडीसारखं, लावायचं आणि काढायचं. शिक्का बसला की कडी निघालेलीच राहते. सायक्लिक एएमपी, म्हणजे पेशीतला निरोप्या रेणू, वाढत जातं, पेशी क्लोराइड बाहेर टाकत सुटते आणि त्याच्यामागून सोडियम आणि पाणी.

पण साखर आणि सोडियम जोडीने आत घेणारा पेशीतला वाहक वेगळा असतो. त्याला हे विष हात लावत नाही. मीठ-साखरेचं पाणी म्हणजे ओआरएस चालतं ते या एका कारणाने. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांच्याकडे सलाईन संपत आलं, तेव्हा त्यांनी पिंपात पाणी कालवून ते लोकांना पाजायला सुरुवात केली. एरवी शंभरात तीसच्या आसपास माणसं दगावत होती, ती ३.६ वर आली. अस्तर सोललेलं असतं तर पाजलेलं पाणी शोषलं कुठून गेलं असतं? म्हणून डे, गँगरोसा आणि महालनबीस ही एकाच गोष्टीची तीन टोकं आहेत असं मी समजतो.


शंकासूर:

ससा झाला, पिल्लू झालं. माणसात हेच विष जुलाब करतं हे कुणी दाखवलं का? की ते आपलं गृहीतच?


काचपट्टी:

दाखवलं. बॉल्टिमोरला मेरीलँड विद्यापीठात मायरन लेव्हिन यांच्या गटाने स्वयंसेवकांना शुद्ध केलेलं विष पाजलं. हे १९८३ च्या त्यांच्या लेखात आहे. ५ मायक्रोग्रॅमने १ ते ६ लिटर जुलाब झाले, २५ मायक्रोग्रॅमने २० लिटरच्या वर. अर्थात सलाईन आणि डॉक्टर उशाशी होते.


शंकासूर:

बाप रे. स्वयंसेवक व्हायची इच्छा कायमची गेली.


उत्तरवारा:

उशिरा आले धाग्यावर. मी स्वीडनमध्ये इम्युनॉलॉजीत पोस्टडॉक करते. आमच्या फ्रीजमध्ये कॉलरा टॉक्सिनची इवलीशी कुपी कायम असते, आणि कॉलऱ्यावर आमच्यापैकी कुणीही काम करत नाही! शेजारच्या मज्जाशास्त्राच्या गटाला फक्त बी भाग लागतो. तो चेतातंतूच्या टोकाला चिकटून उलट दिशेने पेशीपर्यंत प्रवास करतो, त्यामुळे कुठली तार कुठून आली हे शोधता येतं.

आम्हाला अख्खं विष लागतं, वेगळ्या कारणासाठी. तोंडावाटे एखादं परकं प्रथिन दिलं तर शरीर सहसा त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतं. नाहीतर रोजच्या वरणभातालाही आपण अँटिबॉडी बनवत बसलो असतो. पण त्याच प्रथिनासोबत चिमूटभर कॉलरा टॉक्सिन दिलं की आतडं खडबडून जागं होतं आणि भरपूर आयजीए, म्हणजे आतड्यात उपयोगी पडणारी अँटिबॉडी, बनवतं. अलाबामा विद्यापीठातल्या एल्सन आणि ईल्डिंग यांनी १९८४ मध्ये उंदरांत हे दाखवलं. तेव्हापासून तोंडावाटे किंवा नाकावाटे द्यायच्या लसींसाठी हा सगळ्यांचा आवडता ॲडज्युव्हंट, म्हणजे लसीचा जोर वाढवणारा घटक, आहे, पण फक्त उंदरांत. माणसांत काय होतं ते स्वित्झर्लंडमध्ये दिसलं. २०००च्या हिवाळ्यात फ्लूची एक नाकावाटे द्यायची लस तिथे बाजारात आली, तिच्यात ई. कोलायचं याच जातकुळीचं विष होतं. लस घेतलेल्यांत तोंड वाकडं होण्याचं प्रमाण वाढलं आणि ती बंद करावी लागली. वरचा चेतातंतूंचा मुद्दा आठवा. नाकातून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंजवळ असलं विष ठेवायचं नसतं.

काचपट्टी, तुमचा फायफरचा मुद्दा मला लसींबाबतही खरा वाटतो. जंतू उदरपोकळीत टोचून लोक चुकले, तशी लसही दंडात टोचून चुकले. दंडात टोचलेल्या लसीने रक्तात अँटिबॉडी येतात, आतड्याच्या पोकळीत फारशा पोचत नाहीत. गोथेनबर्ग विद्यापीठात यान हॉल्मग्रेन यांनी आयुष्य घालवलं ते तोंडावाटे द्यायच्या लसीवर. त्यांच्या लसीत मेलेले जंतू आणि निर्धोक बी भाग असतो.


सोलापुरी चादर:

म्हणजे वारीला जाताना आमच्या आजोबांना दंडात जी टोचली ती फुकटच? पंढरपूरच्या वेशीवर टोचून घेतल्याशिवाय सोडत नसत, दोन दिवस हात सुजायचा असं सांगायचे.


उत्तरवारा:

अगदीच फुकट नाही हो. थोडं संरक्षण मिळायचं, काही महिने. पण साथ थांबवण्याइतकं नाही, आणि हात सुजायचा तो बराचसा त्या एंडोटॉक्सिनमुळे. १९७३ मध्ये जागतिक आरोग्य सभेने परदेश प्रवासासाठी कॉलऱ्याच्या लसीच्या दाखल्याची अट काढून टाकली ती याच अनुभवावरून.

आताच्या लसींचा धागा पुन्हा कलकत्त्यालाच येतो. तोंडावाटे द्यायची, बी भाग नसलेली, त्यामुळे स्वस्त लस हैदराबादेत बनली आणि २००९ मध्ये तिला आपल्याकडे परवाना मिळाला. तिची मोठी चाचणी कोलकात्याच्या झोपडपट्ट्यांत झाली. पाच वर्षांत एकूण ६५ टक्के संरक्षण. तोंडावाटे द्यायच्या, मेलेल्या जंतूंच्या लसीला हा आकडा वाईट नाही.


शंकासूर:

थांबा. विष सापडलं म्हणून एवढा धागा आणि लसीत विषाचा भागच नाही?


उत्तरवारा:

प्रश्न बरोबर आहे आणि आमच्यातही यावर भांडणं होतात. बी भागाविरुद्धची अँटिबॉडी विषाला पेशीवर चिकटू देत नाही, ई. कोलायच्या विषालाही थोडीफार अडवते, पण तिचं संरक्षण पहिल्या काही महिन्यांतच ओसरतं. जंतूच्या वेष्टणाविरुद्धची अँटिबॉडी त्याला आतड्यात बस्तानच बसवू देत नाही आणि ती जास्त काळ टिकते. शिवाय बी भाग आम्लात टिकत नाही, त्यामुळे सोड्याचं पाणी सोबत द्यावं लागतं. पूरग्रस्त भागात लाखभर लोकांना लस द्यायची तर प्रत्येकी पेलाभर स्वच्छ पाणी आणायचं कुठून? पाणी खराब म्हणून तर आपण तिथे गेलेलो असतो.


नवी पेट्री:

नमस्कार, पुण्यात एमएस्सी मायक्रोबायोलॉजीला आहे. आम्हाला प्रॅक्टिकलला कॉलऱ्याचा जंतू दाखवतात तो टीसीबीएस या खास माध्यमावर, पिवळ्या वसाहती. ससा कधी पाहिला नाही. आता हे विष कसं तपासतात? आणि डे यांचा प्रयोग आज करायचा म्हटला तर परवानगी मिळेल का?


काचपट्टी:

@नवी पेट्री, मिळू शकते, पण संस्थेच्या प्राणी नीतिसमितीपुढे ‘दुसऱ्या कुठल्याही मार्गाने हे कळत नाही’ असं पटवून द्यावं लागेल. नुसतं विष आहे का हे बघायला ससा लागत नाही, त्यामुळे तेवढ्यासाठी मिळणार नाही आणि मिळूही नये. चायनीज हॅम्स्टरच्या अंडाशयाच्या पेशी कल्चरमध्ये वाढवतात, त्यांत विष टाकलं की गोलसर पेशी लांबट होतात. १९७४ पासून ही पद्धत आहे. नाहीतर प्लेटवर जीएम१ चा थर देऊन एलायझा, म्हणजे चिकटलेलं विष अँटिबॉडीने ओळखायची चाचणी. आणि जंतूत विषाचा जीन आहे एवढंच बघायचं तर पीसीआर. मात्र जीन असणं आणि विष बनणं यांत अंतर आहे. माध्यम, पीएच, तापमान, हवा खेळती आहे की नाही, यावर विष किती बनतं ते ठरतं. चुकीच्या माध्यमात वाढवला तर हाच जंतू साधूसारखा वागतो आणि परीक्षेत तुम्ही ‘निगेटिव्ह’ लिहून येता.

जीनवरून आठवलं. हा जीन मुळात जंतूचा नाहीच. १९९६ मध्ये हार्वर्डमध्ये वॉल्डर आणि मेकालानोस यांनी दाखवलं की तो एका धाग्यासारख्या विषाणूचा आहे, जंतूला लागण करणाऱ्या फेजचा. ज्या केसासारख्या तंतूंनी जंतू आतड्यात जम बसवतो, तेच तंतू धरून हा फेज जंतूत शिरतो. म्हणजे जंतूला जिथे विषाचा उपयोग आहे तिथेच त्याला ते मिळायची सोय. पाण्यातले बहुतेक कॉलरा-जंतू बिनविषारी असतात, ते यामुळे.


नवी पेट्री:

खूप आभार मॅडम. सेमिनारचा विषय मिळाला. डे आणि दत्ता दोघांवरही करते.


मु. पो. परळ:

पानसे-कुलकर्णींचं नाव स्लाइडवर मोठ्या अक्षरात टाका. आणि जमलं तर परळला येऊन इमारत बघून जा, जुनं गव्हर्नमेंट हाउस आहे ते.


शंकासूर:

शेवटचा प्रश्न, मग गप्प बसतो. ओ रक्तगटाच्या लोकांना कॉलरा जास्त होतो असं कुठेतरी वाचलं. माझा ओ आहे.


सलाईनवाला:

लागण जास्त होते असं नाही, झाली तर तीव्र होते. गंगेच्या खोऱ्याच्या तोंडाशी ओ गटाचं प्रमाण कमी आहे, ते शतकानुशतकांच्या कॉलऱ्यामुळे असावं असा एक तर्क आहे. तुम्ही पाणी उकळून प्या आणि घरात ओआरएसची दोन पाकिटं ठेवा.


बाभळीचा काटा:

रक्तगटावर वेगळा धागा काढा राव. बॉम्बे रक्तगटाबद्दल मला बोलायचंय आणि तिथे तरी १९५२ च्या निबंधावर भेंडे, देशपांडे, भाटिया ही नावं पहिली आहेत.